मामंजींचा प्रवास

धप्प आवाज झाला आणि मिस्त्रींनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मागच्या सीटवर कपड्यांची जाळीदार टोपली होती आणि तिच्यात मामंजींनी पुन्हा पाय आपटला होता.

मामंजी म्हणजे ससा. पांढरा, डाव्या कानावर करडा डाग, वय पाच. दिवसभर कोपऱ्यात बसून काहीतरी चघळायचं आणि मनासारखं झालं नाही की पाय आपटायचा, हे त्याचं वागणं बघून मिस्त्रींच्या बायकोने त्याला थेट सासऱ्यांचं पद दिलं होतं. खरे सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे भांडायला कोणी नव्हतं. मिस्त्रींना पहिल्यांदा जरा लागलं होतं. पण साम्य इतकं होतं की शेवटी तेही हसले होते.

"आता काय झालं?" मिस्त्री मागे वळून म्हणाले. "आत्ता कुठे शहर संपलंय. अजून आठ तास काढायचेत तुम्हाला."

जाळीतून एक काळा डोळा त्यांच्याकडे बघत होता. मिस्त्रींनी टोपलीखालचा जुना स्वेटर सारखा केला, गाजराची पानं आत सरकवली आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पाच मिनिटांत परत धप्प.

मिस्त्री शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात एकतीस वर्षं काम करत होते. त्यांचं सगळं काम कानावर चाले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग किती दिवसांत निकामी होणार, ते मिस्त्री असे उभ्या उभ्या सांगत. साहेब लोकसुद्धा नवी मीटरं बाजूला ठेवून "मिस्त्रींचा कान काय म्हणतोय?" असं आधी विचारत. नव्या माणसाला ते दोनच गोष्टी शिकवायचे. आवाज नाही म्हणजे बिघाड नाही. आणि नीट चालू असलेल्या मशीनला उगाच हात लावायचा नाही.

संसारही त्यांनी याच दोन गोष्टींवर केला. बायकोची तक्रार नसे, म्हणजे सगळं ठीक. ती ताटातलं अर्धं अन्न मागे ठेवायला लागली तेव्हाही तिची तक्रार नव्हती. असे चार महिने गेले. मग एक दिवस ती ओट्याला धरून खाली बसली आणि तिला उठता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

दवाखान्याच्या जिन्यात मुलगी त्यांना म्हणाली होती, "घरात तुम्ही दोघंच होतात ना, बाबा? तुम्हाला दिसलं नाही?"

"ती काही बोलली नाही गं."

"आवाज आल्याशिवाय तुम्हाला काही कळतच नाही का?"

बायको गेली, मुलगी तिच्या नोकरीच्या गावी निघून गेली, आणि पुढचे आठ महिने तिचा फोन आला नाही. आला तो गेल्या आठवड्यात. "आईचा ससा मला हवाय. तुमच्या पाळ्यांमध्ये त्याचे हाल होत असणार. आणून द्या." आणि मग, "आलात की राहा दोन दिवस."

मिस्त्रींच्या कानात तेवढं शेवटचं वाक्य राहिलं. त्यांनी रजा टाकली, गाडी धुतली, चाकांतली हवा दोनदा बघितली. स्वतःला त्यांनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, की ससा हे निमित्त आहे. तो तिच्या हातात सुखरूप दिला की ते तिच्या घरात पाऊल टाकू शकतील, तिच्यासमोर जेवायला बसतील, आणि कदाचित तिसऱ्या दिवशी ती म्हणेल, अजून एक दिवस राहा.

आठच्या सुमाराला मामंजींचं पाय आपटणं कमी झालं. साडेआठनंतर थांबलंच. मिस्त्रींनी सुटकेचा श्वास सोडला.

"रुळलात ना? उगाच डोकं खाल्लंत सकाळपासून."

दहाला मुलीचा फोन आला. "कसा आहे तो?"

"एकदम शांत. आवाज नाही काही."

"काही खाल्लं का त्याने? बाबा, दर तासाला थांबा. पान देऊन बघा, पाणी द्या."

"थांबतोय की," मिस्त्री म्हणाले.

ते थांबत नव्हते. शांत बसलेल्या जिवाला कशाला उठवा? गाडी थांबली की दचकेल, परत पाय आपटेल, परत सगळं पहिल्यापासून. नीट चालू आहे, चालू द्यावं. रस्ताही मोकळा होता. पावणेअकरा वाजले, बारा वाजले, मामंजींनी कसलाही त्रास दिला नाही, आणि मिस्त्री मुलीशी काय काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत राहिले.

एक वाजता पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्यांनी मागचं दार उघडलं. सकाळची पानं तशीच होती, सुकून काळवंडलेली. पाण्याची वाटी भरलेली. टोपलीत एकही लेंडी नव्हती. मामंजी अंगाचा गोळा करून, अर्धे डोळे मिटून बसले होते. मिस्त्रींनी सशाच्या कानाला हात लावला. तो गार होता.

त्यांनी मुलीला फोन लावला. तिने ओरडाआरडा केला नाही. तिने फक्त तिच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरणीचा नंबर सांगितला आणि म्हणाली, "आधी तिला लावा."

"पोटाला कान लावा," डॉक्टरीण म्हणाली. "चांगल्या सशाच्या पोटात सारखी गुडगुड चालू असते. येतेय का ऐकू?"

मिस्त्री पेट्रोल पंपाच्या भिंतीशी गुडघे टेकून बसले. त्यांनी फोन खाली ठेवला, सशाच्या कुशीला कान लावला आणि सवयीने डोळे मिटले. एकतीस वर्षं ज्या कानावर सगळं शहर पाणी प्यायलं होतं, त्या कानाला एक बारीक, घाईघाईची धडधड तेवढी ऐकू आली. त्याखाली काही नव्हतं.

"नाही येत," ते फोन उचलून म्हणाले.

"म्हणजे आतडं थांबलंय. असं झालं की तो खात नाही आणि खात नाही म्हणून अजून बिघडतं. दुखत असतं त्याला, पण आवाज करणार नाही. भित्रं जनावर आहे, दुखणं लपवतं. किती वेळ झाला गप्प होऊन?"

"साडेआठपासून. त्याआधी सारखा पाय आपटत होता."

"तेव्हा बरा होता," डॉक्टरीण म्हणाली. "जवळपास कोणी डॉक्टर असेल तर बघा, नाहीतर लवकरात लवकर इकडे आणा."

जवळपास कोणी नव्हतं. पेट्रोल पंपावरच्या दोघांनाही काही माहीत नव्हतं. मिस्त्रींनी ससा स्वेटरात गुंडाळून पुढच्या सीटवर घेतला आणि निघाले. एक हात स्टिअरिंगवर, एक हात सशाच्या पाठीवर. आयुष्यात कधी चालवली नव्हती इतक्या वेगाने त्यांनी गाडी चालवली.

"आपटा ना पाय," ते म्हणत होते. "मामंजी, एकदा आपटा. शिव्या द्या मला. काहीतरी करा."

तीनच्या आसपास त्यांच्या हाताला कळलं, धडधड थांबली होती. तासाभराचा रस्ता उरला होता. त्यांनी हात काढला नाही. फोन वाजला तेव्हा मात्र काढावा लागला.

"बाबा? कुठवर आलात?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. पलीकडे ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "सावकाश या."

ती फाटकापाशी उभी होती. तिच्यामागे पायरीवर वाळलेलं गवत अंथरलेलं नवं खोकं होतं. मिस्त्रींनी ससा स्वेटरासकट तिच्या हातात दिला. तिने आधी स्वेटरावरून हात फिरवला, कारण तो आईचा होता.

"दर तासाला थांबलात?"

"नाही."

"मग सकाळी म्हणालात ते?"

"खोटं बोललो. गप्प होता गं. मला वाटलं, बरा आहे."

तिने मान हलवली. ससा घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मिस्त्री बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेला बसले. किल्ली हातातच होती. अर्धा तास गेला. आतून रडण्याचा आवाज नाही, पावलांचा नाही, कपाट उघडल्याचा नाही. एरवी ते म्हणाले असते, झाली पोरगी शांत, पडली असेल जरा, आणि त्यांनी स्वतःही पाठ टेकली असती.

ते उठले. दाराला कान लावला. मग कान काढून त्यांनी दारावर टकटक केली.

"बाळा. पाणी आणू का?"

उत्तर आलं नाही. त्यांनी स्वयंपाकघर शोधलं, पेला भरून आणला आणि पुन्हा टकटक केली. दार उघडलं नाही. भरलेला पेला धरून मिस्त्री तिथेच उभे राहिले आणि थोड्या वेळाने त्यांनी परत टकटक केली.