मास्तरांचा कीबोर्ड लागत नाही

चौतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेल्या माणसाला कीबोर्डने दगा द्यावा, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडण्यापैकीच झालं. तेही नेमकं अशा दिवशी, की फोनवर ठरलेलंच मास्तरांना लेकीला रीतसर ईमेलने कळवायचं होतं: शनिवारच्या गाडीने येतो आहे, आणि आता कायमचाच येतो आहे.

जायची मास्तरांना काडीइतकीही इच्छा नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मास्तरांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. झालं होतं एवढंच, की महिन्याभरापूर्वी सूनबाई फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "बाबांची खोली मिळाली ना, तर तिथे मस्त ऑफिस थाटीन बघ." मास्तरांनी ते भिंतीआडून ऐकलं. भिंतीआडून बोलणं ऐकू येतं, बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. मास्तरांनी चेहरा आपल्या मनाने लावून घेतला, आणि तो काही फार चांगला लावला नाही.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी म्हणतो, लेकीकडेच जाऊन राहावं आता. तिचा फार आग्रह आहे."

पुढचं सगळं त्यांच्या मनात ठरलेलं होतं. मुलगा म्हणणार, काहीतरीच काय बाबा. सूनबाई म्हणणार, आमचं काही चुकलं का? मग आपण दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, तुम्ही एवढं म्हणताय तर, असं म्हणून राहायचं. पण सूनबाईने ताटातली नजर वर केली नाही. "तुमचीच इच्छा असेल तर अडवणारे आम्ही कोण?" एवढंच म्हणाली. मुलाने तर हात धुवायच्या आतच तिकिटाचं बघायला घेतलं. मास्तर पडले तरी नाक वर. त्यांनी "खिडकीजवळची सीट बघ" असं सांगून टाकलं, आणि तिथेच सगळं संपलं.

जाणाऱ्या बापाला काय द्यावं हे मुलाला सुचेना, म्हणून त्याने वायरलेस कीबोर्ड आणला. दुकानात एकावर एक फुकट होता, म्हणून दोन आणले. एक बापाला, एक बायकोला. रविवारी दोन्ही खोकी मास्तरांनीच उघडली. यंत्राला पहिला हात आपला लागला पाहिजे, हा त्यांचा क्लासातला शिरस्ता. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, सगळं सामान बाहेर काढून पुसलं आणि ओळीने मांडलं. या कीबोर्डांबरोबर नखाएवढा एक तुकडा येतो, त्याला म्हणे डोंगल म्हणतात. तो कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा, म्हणजे वायर लागत नाही. ते दोन तुकडे हरवू नयेत म्हणून मास्तरांनी एकाच बशीत ठेवले. मग त्यातला एक उचलून आपल्या कॉम्प्युटरला खोचला आणि दुसरा सूनबाईच्या. कोणता कुठला, हा प्रश्न त्यांच्या मनालाही शिवला नाही. त्यांच्या क्लासात एकाच जातीची वीस मशीनं होती, आणि कुठल्याही मशीनची रिबीन कुठल्याही मशीनला बसायची. चौतीस वर्षांत एकाही रिबिनीने तक्रार केली नव्हती.

सूचनांचं पत्रक त्यांनी चार घड्या घालून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. सूचना वाचून यंत्र चालवणाऱ्यांबद्दल मास्तरांचं मत फारसं बरं नव्हतं. त्यात सूनबाईचा पोटापाण्याचा धंदाच घरगुती यंत्रांच्या सूचनापुस्तिका लिहिण्याचा. "कोण वाचतं गं हे?" असं ते तिला महिन्यातून एकदा तरी विचारत. तिच्या हातात कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका होती, म्हणून तिने नवा कीबोर्ड कपाटावर ठेवून दिला आणि जुन्या वायरवाल्यावरच काम रेटत राहिली.

तर त्या दिवशी दुपारी तीनला सूनबाई शेजारच्या खोलीत दार लावून कॉम्प्युटरवरच्या मीटिंगला बसली. इकडे मास्तर खुर्चीत ताठ बसले, मनगटं उचलली, बोटं जागेवर ठेवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत टाईप करू लागले. कीजकडे बघायचं नाही आणि उमटलेल्या अक्षरांकडे तर मुळीच नाही, ही त्यांची शिकवण. मुलं चोरून बघायची, तर ते त्यांच्या हातांवर रुमाल टाकत. "अत्यंत आनंदाने कळवतो की", "तुझ्या सहवासात उरलेलं आयुष्य", "येथे सर्व ठीक, कोणाचीही तक्रार नाही", असं पानभर झालं. शेवटी "तुझा बाबा" लिहून त्यांनी मान खाली केली.

स्क्रीन कोरी करकरीत होती.

मास्तरांनी मुलाला फोन लावला. तो ऑफिसात होता आणि घाईत होता.

"सेल घातलेत का बाबा?"

"सेल कुठून आले यात?"

"वायर नाही म्हटल्यावर सेल नकोत का? खोक्यातच असतील बघा."

सेल खोक्यात होते. म्हणजे ते आनंदाने कळवणं आणि उरलेलं आयुष्य हवेत विरून गेलं होतं. सगळंच खोटं होतं, त्यामुळे कुणाचं फारसं नुकसान झालं नव्हतं. मास्तरांनी सेल बसवले. कीबोर्डच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकला.

"आता काहीतरी टाईप करून बघा," मुलगा म्हणाला.

"काय करू?"

"काहीही करा हो. टेस्टिंगच तर आहे."

मास्तरांनी लिहिलं: चाचणी. चाचणी. स्क्रीनवर काही नाही. मागचं बटण बंद करून चालू करा, मुलगा म्हणाला. केलं. मास्तरांनी लिहिलं: ढिम्म आहे. आणणाऱ्यासारखाच. स्क्रीनवर काही नाही. डोंगल उपसून दुसऱ्या भोकात घाला. घातलं. मास्तरांनी लिहिलं: शनिवारी जायचं आहे. कोणाला जायचं आहे? मला नाही जायचं. स्क्रीनवर काही नाही.

"कॉम्प्युटर बंद करून परत सुरू करा, आणि टाईप करत राहा, कधीकधी उशिरा पकडतो," मुलगा म्हणाला. "मला साहेब बोलावतायत, नंतर बोलतो."

कॉम्प्युटर जुना, सुरू व्हायला दहा मिनिटं घेणारा. काळ्या स्क्रीनसमोर मास्तर एकटे बसले. टाईप करत राहा म्हणून मुलानेच सांगितलं होतं. आणि उमटतच नाही म्हटल्यावर माणसाला कशाची भीड? त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि बोटं सुटली.

सूनबाईचा चहा पांचट असतो. लेकीचा तर तोंडात धरवत नाही. लेक सकाळपासून उपदेश करते, बाबा हे खाऊ नका, बाबा ते ओढू नका. जावई भला माणूस आहे पण टीव्हीचा रिमोट हातातून सोडत नाही. सूनबाई भांडते, पण तोंडावर भांडते आणि तासाभरात विचारते की औषध घेतलंत का. गेल्या वर्षी मी हॉस्पिटलात होतो तेव्हा नऊ दिवस खुर्चीत झोपली. त्याबद्दल मी तिला काही बोललो नाही. काय बोलायचं ते कळलं नाही. तिला खोली पाहिजे असेल तर मी बाहेर कॉटवर झोपेन. पण असं कोणी म्हणत नाही की राहा. एकदा म्हणा की. एकदा म्हटलं तरी पुरे.

पलीकडून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. मग सूनबाईचा आवाज, "एक मिनिट हं, माफ करा." मग चिडीचूप. लोकांच्या मीटिंगा म्हणजे नुसत्या गप्पा, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांनी तेही टाईप केलं.

दार उघडलं.

"बाबा, कीबोर्डवरचे हात उचला."

मास्तरांनी चोराने उचलावेत तसे दोन्ही हात वर केले. "का गं? लागतच नाहीये मुळी तो."

"लागलाय."

"कुठे लागलाय? स्क्रीन बघ, कोरी."

"माझ्या स्क्रीनवर लागलाय. तुमच्या कीबोर्डचं डोंगल तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला खोचलंत. ते आपल्या कीबोर्डशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. त्या पत्रकात पहिल्याच ओळीत छापलंय."

मास्तरांचे वर केलेले हात खाली आले. "किती उमटलं?"

"चाचणीपासून सगळं. पुस्तिकेचं पान अकरा, 'यंत्र सुरू होत नसेल तर' याच्या खाली. मीटिंगमधले आठ जण बघत होते. आधी मी पुसत होते, पण तुमचा स्पीड! मग पुसायचं थांबवलं. आमच्या मोठ्या साहेबांनी हॉस्पिटलपर्यंत मोठ्याने वाचलं. मग ते वाचायचे थांबले."

आपल्याच हाताने केलेलं असं आपल्याच अंगाशी आलेलं बघून मास्तरांनी शेवटचं नाक वर केलं. "ते टेस्टिंग होतं. चिरंजीव म्हणाले, काहीही लिहा."

"सगळंच टेस्टिंग?"

"सगळंच."

"बरं," सूनबाई म्हणाली. "मग तुमचे कपडे भरायला घेते. शनिवार उद्यावर आलाय."

तिने पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि खरोखरच शर्टांच्या घड्या घालायला लागली. घडी नीट बसत नव्हती. एकाच शर्टाची घडी तिने तीनदा घातली, तीनदा मोडली. मास्तरांना तिचे हात दिसत होते, आणि आता काही बोललो नाही तर उद्या गाडीत बसणार हेही दिसत होतं. तोंड उघडलं तर घशातून हवाच आली. बोटं मात्र आपोआप जागेवर गेली, आणि खटखट सुरू झाली.

सूनबाईने मान वर केली. "काय लिहिताय ते वाचायला मी त्या खोलीत जाणार नाही. मी इथे उभी आहे. तोंडाने बोला."

मास्तरांनी हात मांडीवर घेतले.

"मला नाही जायचं. मला इथेच राहायचं आहे."

सूनबाई शर्ट हातात घेऊन पलंगावर बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. एकाच वेळी दोन्ही करायची तिला सवय होती. "मग आठ वर्षं 'माझी लेक असती तर, माझी लेक असती तर' कशाला चालवलं होतंत? चहा दिला की लेक, डबा भरला की लेक. मला वाटलं, मीच तुम्हाला डोळ्यांसमोर नको आहे. म्हणून अडवलं नाही."

"ते आपलं तुला चिडवायला," मास्तर पुटपुटले. "आणि तू खोली मागत होतीस ना? मैत्रिणीला म्हणालीस, मी ऐकलं."

"मैत्रिणीशी बोलताना माणूस काय वाटेल ते बोलतं, बाबा! तुम्ही आत्ता चहाबद्दल काय लिहिलंत? तेही धरून बसू का मी?"

हजारो मुलांच्या चुका लाल पेन्सिलीने काढलेल्या या माणसाला आपल्या चुकीवर कुठे खूण करावी ते कळेना. ते नुसते "राहू ना मग?" म्हणाले.

"राहा," सूनबाई म्हणाली. "राहा म्हणजे राहाच. पण ताईंना मी सांगणार नाही. त्यांनी तिकडे पलंग मांडून ठेवलाय. तुम्ही गाजावाजा केलात, तुम्हीच निस्तरा."

तिने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी या खेपेला भिंतीकडे न बघता सांगून टाकलं, की मी येत नाही, इथेच राहतो आहे. पलीकडे लेकीचा आवाज चढला.

"असं अचानक कसं बाबा? तिकडे तुम्हाला कोणी काही बोललं का?"

मास्तरांनी सूनबाईकडे पाहिलं. ती बॅगेतले शर्ट एकेक करून परत कपाटात लावत होती.

"नाही गं," ते म्हणाले. "कोणी काहीच बोललं नाही. तोच तर सगळा घोळ झाला."