दोन घंटा म्हणजे पुढे

पळून जायचं ठरवायला एक क्षण पुरतो. कसं जायचं हे ठरवायला बसलं की मात्र डोक्याचा भुगा होतो. आत्याच्या डोक्याचा तो गेले बारा दिवस होत होता, आणि गंमत अशी की पळून तिला जायचंच नव्हतं. जायचं होतं तिच्या भाचीला.

आत्या रोपवेच्या वरच्या स्टेशनात कामाला होती. ट्रॉली आली की दार उघडायचं, माल उतरवायचा, दुसरा चढवायचा, दार लावायचं आणि खाली मोटारघराला इशारा द्यायचा. चोवीस वर्षं हेच. स्टेशनामागे तिची एक खोली होती. आई गेल्यापासून भाची तिथेच राहायची आणि वरच्या मोठ्या हॉटेलात चादरींच्या घड्या घालायची. खोलीच्या खिडकीतून आख्खी दरी दिसे. ती बघायला लोक कुठून कुठून येत आणि कठड्याला टेकून हरखून जात. आत्याला त्या दरीबद्दल एवढंच ठाऊक होतं की धुकं खालून चढायला लागलं की तिचा डावा गुडघा दुखतो.

खालच्या स्टेशनात मोटार चालवायचा तिचा थोरला भाऊ, म्हणजे भाचीचा बाप. सगळा रोपवे त्याला पाठीमागे 'बघू' म्हणायचा, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच. बदलीचा अर्ज करायचा का? बघू. दुखणारी दाढ काढायची का? बघू. दाढ शेवटी कंटाळून आपणहून पडली.

आठ महिन्यांपूर्वी भाचीने त्याला सांगितलं होतं, की खालच्या बाजारातल्या फ्रेमवाल्याशी मला लग्न करायचंय. हा फ्रेमवाला हॉटेलात चित्रं टांगायला आला होता आणि एक चित्र टांगायला त्याने चार दिवस लावले होते. बाप म्हणाला, बघू.

"नाही म्हणाला असता तर भांडले असते," भाची म्हणायची. "हो म्हणाला असता तर प्रश्नच नव्हता. ह्या बघूचं काय करू, आत्या?"

आत्याला वाटे, दादाच्या मनात काय चालतं हे कळायला देव वरून उतरायला हवा, आणि तोही रोपवेनेच आला असता तर दादाने त्याला अर्ध्यात थांबवून ठेवलं असतं. भाचीने आणि फ्रेमवाल्याने नोंदणी कार्यालयात लग्नाची नोटीस परस्पर देऊन टाकली होती. सोमवारी साडेदहाची वेळ मिळाली होती. त्याच दुपारी फ्रेमवाल्याला दुसऱ्या शहरात नव्या दुकानावर हजर व्हायचं होतं. आता प्रश्न एकच होता, पोरीला खाली न्यायचं कसं.

रस्त्याने जावं तर दरीला वळसा घालून तीन तास, आणि बसचा ड्रायव्हर दादाचा जिगरी दोस्त. पायवाट गेल्या वर्षीच दरडीखाली गेलेली. सरळ ट्रॉलीत बसून जावं तर खाली उतरल्यावर मोटारघराच्या खिडकीसमोरून जावं लागे. तिथून दादा विचारणार, "कुठे निघालीस?" आणि भाचीला बापाच्या तोंडावर खोटं बोलता येत नव्हतं. लहानपणी साखर चोरली तरी ती आधी सांगून चोरायची.

फ्रेमवाल्याने एका पुठ्ठ्याच्या मागे आराखडा काढून पाठवला होता. त्यात बाणच बाण होते. आत्याने तो पुठ्ठा उभा धरला, आडवा धरला.

"हा बाण वर चाललाय का खाली?"

"वर. तो म्हणतो मी न्यायला येतो."

"कशाला? एकाला लपवता लपवता नाकी नऊ येतायत, आणि हा दुसरा कशाला वर येतो? आणि हा तिसरा बाण कोणाचा?"

"ती सही आहे त्याची."

आत्याने पुठ्ठा पालथा ठेवला. "त्याला सांग, बाबा रे, तू नुसता उभा राहा. खाली, धुलाईघराच्या मागच्या दाराशी. हलू नकोस."

कारण तोवर आत्याला पेटारा सुचला होता. हॉटेलच्या मळक्या चादरी रोज सकाळच्या पहिल्या फेरीला वेताच्या मोठ्या पेटाऱ्यातून खाली जात. पहिल्या फेरीला माणसं नसत, नुसता माल. पेटारा मागच्या फळीवरून थेट धुलाईघरात ढकलला जाई, मोटारघराच्या खिडकीसमोर येतच नसे. पेटाऱ्यात भाची सहज मावली असती. तिने मावून दाखवलंही, आणि आतून म्हणाली, "आत्या, इथे कोणाच्या तरी पायाचा वास येतोय."

अडचण होती ती सुईची. रोपवेला दोर एकच. एका टोकाला एक ट्रॉली, दुसऱ्या टोकाला दुसरी. एक खाली आली की दुसरी वर गेलीच. कुठल्या ट्रॉलीत किती वजन, ते मोटारघरातल्या तबकडीवरची सुई सांगे, आणि दादा दिवसभर त्या सुईकडे बघत बसलेला असे. माणसांच्या तोंडाकडे तो कधी बघत नसे, पण कोण बाई दिवस गेलेली आहे हे त्याला तिच्या नवऱ्याआधी कळतं, असं लोक म्हणत. चादरींच्या वर आणखी एक पोरगी बसली, तर सुई लगेच चुगली करणार.

म्हणून आत्याने भाचीला सामानाच्या काट्यावर उभी केली. एक्कावन्न किलो. मग पेटाऱ्यातून चादरी आणि टॉवेल काढून काट्यावर रचत गेली, एक्कावन्न भरेपर्यंत. तेवढा ढीग बाहेर, भाची आत. बेरीज वजाबाकी शून्य. आपल्या हुशारीचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

पण रविवारभर तिच्या जिवाला चैन नव्हतं. ती भाचीला पळवतेय की भावाला फसवतेय, हेच तिला समजेना. दोन्ही एकाच वेळी होत होतं, आणि एकाचा आनंद व्हावा तर दुसऱ्याची लाज वाटत होती. त्यात एक जुनी गोष्ट वर येऊ बघत होती. तीही एकदा अशीच निघाली होती. बावीस वर्षांपूर्वी, पहिल्या फेरीत, बटाट्याच्या पोत्यांमध्ये बसून. खाली बसस्टँडवर मोजणीवाला थांबला होता, जमिनी मोजायला आलेला, हसरा माणूस. ट्रॉली दरीच्या बरोबर मधोमध आली आणि थांबली. ती बसून राहिली. मग ट्रॉली हलली ती उलटी, वर. मोजणीवाला अकराच्या बसने निघून गेला. ट्रॉली थांबली होती का थांबवली होती, हे तिने दादाला कधी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. बाकी सगळं दोघं बोलत. गुडघ्याबद्दल तर फारच बोलत.

सोमवारी सकाळी सात वाजता भाची पेटाऱ्यात बसली. आत्याने तिच्या डोक्यावर दोन अभ्रे पसरले.

"आत्या, मी बरोबर करतेय ना?"

"मला विचारू नकोस. डोकं खाली घे."

झाकण लागलं, दार लागलं, इशारा गेला. ट्रॉली धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. आत्या दोराकडे बघत उभी राहिली. दोर धावत होता, धावत होता, आणि थांबला.

दोन मिनिटांनी फोन वाजला. दोन्ही स्टेशनांमध्ये एक जुना काळा फोन होता, त्याचा आवाज ऐकून ती आजवर कधी दचकली नव्हती.

"मी बोलतोय," दादा म्हणाला. "वर येणाऱ्या ट्रॉलीत एक माणूस जास्त आहे."

"कोण माणूस?"

"तिकीटवाल्याला विचारलं. म्हणतो, फ्रेमवाला होता, न्यायला चाललोय म्हणाला, बसवला त्याला दुधाच्या कॅनजवळ. कोणाला न्यायला चाललाय गं तो?"

आत्याने कपाळाला हात लावला. हलू नकोस म्हणून सांगितलेला माणूस नेमका हलला होता. पोरगी एकटी खाली येणार आणि आपण दाराशी खांबासारखे उभे राहणार, हे त्याला पटलं नसणार. ती खाली निघाली, हा वर निघाला, आणि दोघं आता दरीच्या मधोमध समोरासमोर लोंबकळत होती.

"काय माहीत," ती म्हणाली.

"आणि तुझ्या चादरी हलतायत."

"काय?"

"चादरी मेल्यासारख्या पडून असतात. सुई जागची हलत नाही. माणूस अंग चोरून बसला तरी पाय बदलतो, श्वास घेतो, मग सुई थरथरते. वजन बरोबर केलंयस तू. एक्कावन्न, ना? पण थरथरतेय."

 पलीकडून मोटारीचा नुसता घुमण्याचा आवाज येत होता.

"तेव्हाही थरथरत होती," दादा म्हणाला. "बटाटे थरथरत नाहीत."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "तेव्हा थांबवलीस का तू?"

"थांबवली नाही. वीज गेली होती. चार मिनिटांनी आली."

"मग उलटी का पाठवलीस?"

"नियम काय आहे? मध्येच थांबली तर ट्रॉलीतल्याने दोरी ओढायची. दोन घंटा म्हणजे पुढे, तीन म्हणजे मागे. दहा मिनिटांत काहीच आलं नाही, तर निघाली तिथे परत न्यायची. मी तबकडीपाशी उभा होतो. दहाऐवजी पंधरा मिनिटं थांबलो. तू दोरी ओढली नाहीस."

दोरी तिच्या डोक्यावरच होती तेव्हा. लाल दोरी, टोकाला गाठ. पंधरा मिनिटं ती त्या गाठीकडे बघत बसली होती. तिला वाटलं होतं, दादाने थांबवली म्हणजे विषय संपला. आणि त्याला वाटलं होतं, हिने ओढली नाही म्हणजे हिचं मन बदललं. बावीस वर्षं. तिला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि कशाबद्दल ओरडायचं ते सापडेना. तो खरं बोलतोय की आता रचून सांगतोय, हेही सापडेना. पण वीज त्या दिवसांत जायची, हे खरं होतं.

"आणि आज?" तिने विचारलं. "आज तर वीज आहे."

"आज थांबवली."

"कशाला?"

"बघू म्हटलं. घंटा येते का." मग जरा वेळाने म्हणाला, "सहा मिनिटं झाली."

आत्याने खिडकीबाहेर पाहिलं. धुक्याशिवाय काही नव्हतं. भाचीला नियम ठाऊक होता, पण ठाऊक तर आत्यालाही होता. पोरगी झाकणाखाली अंग चोरून बसली असेल, बापाने पकडलं म्हणून रडत असेल. इथून हाक जात नाही. दरीत मोबाईल लागत नाही. आपल्याला जे बावीस वर्षांनी कळलं ते तिला चार मिनिटांत कसं कळवायचं?

"दादा, थांब जरा. दहाची पंधरा कर."

"बघू."

आणि फोनमधून मोटारघरातली घंटा ऐकू आली. आत्याने मोजली. एक, दोन, तीन.

"मागे," दादा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तीन आल्या."

"कोणत्या ट्रॉलीतून?"

तो उत्तर देणार तेवढ्यात दुसरी घंटा वाजली, बारीक आवाजाची. एक, दोन. थोडं थांबून परत एक, दोन. मग लागलीच पहिली, तीनदा. मग बारीक, दोनदा, इतक्या जोरात की दोरी तुटते की काय असं वाटावं.

आत्याला उलगडा झाला. फ्रेमवाल्याला समोरच्या ट्रॉलीतला पेटारा दिसला असणार. ती खाली चाललीय तर आपणही परत खाली जावं, म्हणून त्याने तीन ओढल्या. दोर एकच आहे, आपण खाली गेलो तर ती वर जाईल, हे चित्रं टांगणाऱ्याला कोण सांगणार? भाची रोपवेवाल्याची पोर होती. तिला माहीत होतं, म्हणून झाकण ढकलून ती दोन-दोनदा ओढत होती.

"एक म्हणतो मागे, एक म्हणते पुढे," दादा म्हणाला. "नियमात असं कुठे नाही. काय करू?"

उभ्या जन्मात त्याने कोणाला काय करू असं विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"पेटाऱ्यात कोण आहे, तुला माहीत आहे ना?"

"आहे."

"मग तिची ऐक."

फोन तसाच राहिला. मोटारीचा आवाज चढला. दोर हलला, आणि ती श्वास रोखून बघत राहिली, कारण दोर कुठल्या बाजूने धावतोय हे धुक्यात पहिल्या क्षणी कळत नाही. मग कळलं.

सात मिनिटांनी ट्रॉली वर आली. दुधाचे कॅन, पावाचे ट्रे आणि त्यांच्यामध्ये फ्रेमवाला, हातात अजून दोरी धरून.

"आत्या, ती खाली गेली."

"ती खालीच चालली होती. तू वर कशाला आलास?"

"न्यायला."

"सोड ती दोरी."

फोनमध्ये दादा बोलत होता. "पोरगी आलीय. इथे बसलीय. डोक्यावर अभ्रा आहे. दुसरी फेरी अर्ध्या तासाने आहे, त्याला पाठव. कार्यालय साडेदहाला उघडतं."

"दादा, म्हणजे तू…"

फोन ठेवला गेला होता.

फ्रेमवाला तिच्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणाले? म्हणजे हो का नाही?"

"साडेदहाला उघडतं म्हणाला."

"पण म्हणजे काय?"

"मला विचारू नकोस बाबा. चोवीस वर्षं मी ह्या दोराच्या एका टोकाला आहे आणि तो दुसऱ्या. मला कळलं नाही, तुला अर्ध्या तासात कळणार आहे का?"

त्याला कळलं नाहीच. तिने त्याला कामाला लावलं. कोपऱ्यात एक्कावन्न किलो चादरी पडल्या होत्या, त्याही आता खाली जायच्या होत्या. दोघांनी मिळून ते गाठोडं उचललं आणि ट्रॉलीत टाकलं. तो गाठोड्यावर बसला. दार लावता लावता आत्या थांबली, आत हात घालून तिने लाल दोरीची गाठ त्याच्या हातात दिली.

"मध्येच थांबली तर दोनदा ओढायची. थांबली का थांबवली, ते विचारत बसायचं नाही. किती वेळा?"

"दोनदा."

"परत सांग."

"दोनदा, आत्या."

तिने दार लावलं आणि खाली इशारा दिला. मग फोनजवळ स्टूल ओढून ती दोराकडे बघत बसली, तो थांबतोय की काय ते बघत.