कर्ण्यातला आवाज

"वहिनी, बटण दाबा. नळी तापायला लावतोय," फोरमन म्हणाले.

मी बटण दाबलं आणि माझा नवरा कर्ण्यातून बोलू लागला. "मैदान रिकामं करा. सगळ्यांनी आत या. भोंगा वाजेपर्यंत कुणीही बाहेर पडू नका."

आमचं काम सांगायला सोपं. पोलादी नळीत स्फोटक भरून तोंडं बंद करायची, बाहेरून आच द्यायची आणि जाड भिंतीआड वाट बघत बसायचं. नळी नुसती उकलली तर ठीक. ठिकऱ्या उडाल्या, तर असा माल गोदामातल्या आगीत सापडल्यावर काय होईल ते कळतं. ह्यांनी जन्मभर हेच केलं. एकदा आच बंद पडली आणि नळी निवली असेल म्हणून हे बघायला गेले. ती निवली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्या जागी मला नोकरी मिळाली, आणि हे बटणही.

"उद्यापासून हा आवाज बंद करायचाय," फोरमन खाली बघत म्हणाले. "टेप जुनी झाली, खरखर फार वाढलीय. काल नवा वेल्डर बाहेरच उभा होता, त्याला शब्दच कळले नाहीत. तुम्हीच बोला ना."

"आणि सासूबाईंना काय सांगू?"

आमची खोली कुंपणाला लागूनच. कर्णा सुरू झाला की सासूबाई हातातलं काम टाकून पायरीवर येऊन बसत. त्यांना आता लेकाचा फोटोही दिसत नाही. कानांपुरताच तो उरला होता.

फोरमननी नवी टेप लावून माइक माझ्यापुढे सरकवला. त्या वेल्डरलाही आई असेलच, हे मला कळत होतं. कळलं म्हणून रडू थोडंच थांबतं? दोनदा आवाज कापला. तिसऱ्यांदा नीट बोलले.

घरी सांगायला मात्र माझं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून परतले तेव्हा सासूबाई पायरीवरच होत्या.

"आज तू बोललीस."

"हो, आई."

"छान बोललीस. तो मेला सदा घाईत."

दिवेलागणीला आत आल्या आणि म्हणाल्या, "आजपासून दाराला कडी घाल."

"रोज घालतेच की मी."

"तू निजलीस की मी काढून ठेवायचे गं."

मी कडी घातली. त्यांनी ती हाताने चाचपून बघितली.