मार्तामावशीसाठी ताट

मक्याच्या पिठाचा गोळा शरयूच्या तळहातावर पुन्हा फुटला. कडांना भेगा पडल्या आणि अर्धं पीठ ओट्यावर सांडलं. मागे खुर्चीत बसलेल्या सासूबाईंनी "च्च" केलं. त्या "च्च"चा अर्थ कळायला शरयूला स्पॅनिश यायची गरज नव्हती.

तिच्या सासूबाई, दोन्या ग्लोरिया, कोलंबियातल्या मेदेयीनहून न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरला मुलाकडे राहायला आल्या आणि आल्या आल्या ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरून उजवं मनगट मोडून बसल्या. मातेओ आईला "मामी" म्हणायचा, म्हणून शरयूही मामीच म्हणायची. आज त्यांची धाकटी बहीण मार्ता न्यूयॉर्कहून येणार होती. दोघींनी एकमेकींना कित्येक वर्षांत फक्त फोनवर पाहिलं होतं. बहिणीला आपल्या हातचं बांदेहा पाइसा वाढायचं, असं मामींनी तिकीट काढलं तेव्हाच ठरवलं होतं. हात प्लास्टरमध्ये गेला, बेत तसाच राहिला. "शरयू करेल ना," असं मातेओ परस्पर सांगून मोकळा झाला.

बांदेहा पाइसा म्हणजे एका ताटात अख्खं गाव जेवेल एवढं सगळं. लाल घेवड्याची दाट उसळ, भात, खिमा, सॉसेज, कातडीसकट तळलेले पोर्कचे तुकडे, पिकलेलं तळलेलं केळं, आरेपा म्हणजे मक्याची भाकरी, अ‍ॅव्होकाडो आणि वर अंडं. शरयूची मजल आजवर चिकनपर्यंत गेलेली. पोर्क तिनं खाल्लं नव्हतं की हातात धरलं नव्हतं. आज सकाळपासून ती ते लांब पट्टे चिमट्यानं उलटत होती आणि तोंडानं श्वास घेत होती.

मामींनी डाव्या हातानं पिठाचं पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि मान हलवली. "नो, मिहा. नो." मिहा म्हणजे पोरी, एवढं शरयूला ठाऊक होतं. मग त्या पुढे बरंच काही बोलल्या. हातवाऱ्यांवरून शरयूला इतकंच कळलं की आरेपाचं पीठ आधी शिजवून वाळवलेलं असतं आणि तिनं इंडियन स्टोअरमधून साधं आणलं होतं.

"मग काल पाकीट दाखवलं तेव्हा का नाही बोललात, मामी?" ती मराठीतच म्हणाली. मामींनी उत्तर दिलं, स्पॅनिशमध्ये. आता दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि आवाज चढत होता.

शेवटी शरयूनं पातेल्यात पाणी उकळून त्यात पीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. तांदळाच्या भाकरीला उकड काढतो तशी काढून बघू, आणखी काय. तेवढ्यात मातेओचा स्टेशनवरून मेसेज आला: बर्फामुळे गाडी लेट आहे, सगळं गरम ठेव. तिनं फोन उलटा ठेवला. आठ गोष्टी, चार शेगड्या. गरम ठेव म्हणे!

केळ्यांवरून पुन्हा वाजलं. मामींना हवी होती काळी पडलेली, गोड. शरयूची होती हिरवीगार, भाजीला आणतात तशी. मामींनी कपाळाला हात लावला. शरयूनं केळी उचलून फळीवर आपटली. कढईत पाण्याचा थेंब उडाला, चरबी फाडकन तडतडली, तिच्या मनगटावर चटका बसला आणि धुरानं छतावरचा अलार्म किंचाळायला लागला.

ती नळाखाली हात धरून वळते तो काय, मामी स्टुलावर चढल्या होत्या! प्लास्टरचा हात छातीशी आणि डाव्या हातात झाडू, अलार्मचं बटण दाबायला.

"खाली उतरा!" शरयू ओरडली. "दुसराही हात मोडायचाय का? आधी खाली उतरा, मामी!"

तिनं त्यांना कमरेला धरून अक्षरशः उतरवलं. खिडकी उघडली, थंड वारा आत आला, अलार्म थांबला. मामी ओट्याशी गेल्या, एक अंडं घेतलं आणि डाव्या हातानं वाटीच्या काठावर फोडलं. टरफल चुरडलं, बलक बोटांवरून जमिनीवर घसरला. त्यांनी दुसरं घेतलं. तेही तसंच. मग त्या आपल्या चिकट बोटांकडे बघत राहिल्या आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली.

इतके दिवस ते "च्च" आपल्यासाठी आहे असं शरयू धरून चालली होती. ते होतं त्या मोडलेल्या हातासाठी. फडकं ओलं करून तिनं त्यांची बोटं पुसली आणि त्यांच्या हातात उसळीचा डाव दिला. मामी ढवळू लागल्या. त्यानंतरही दोघी एकमेकींवर खेकसल्याच. मीठ कमी, भात चिकट, खिमा कोरडा. आरेपा मात्र उकडीनं जमले. कडा वाकड्या होत्या, पण फुटले नाहीत.

मातेओ मावशीला घेऊन आला तेव्हा दोघी बहिणी दारातच गळ्यात पडून रडल्या. शरयूनं ताटं भरली, एका हातानं. दुसऱ्यावर बर्फाची पिशवी होती.

मार्तामावशींनी ताट पाहिलं, हात जोडल्यासारखे केले आणि हळूच काहीतरी सांगितलं. मातेओचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. तळलेलं, तेलकट काही चालत नाही. थोडा भात चालेल म्हणते."

शरयूची कानशिलं तापली. ती काही बोलणार, तेवढ्यात मामींनी टेबलावर हात आपटला आणि बहिणीवर अशी काही तोफ डागली की मार्तामावशी काटा हातात धरून बघतच राहिल्या. मामी शरयूच्या भाजलेल्या मनगटाकडे बोट दाखवत होत्या, खिडकीकडे, कढईकडे, पुन्हा मनगटाकडे.

"काय म्हणतायत?" शरयूनं विचारलं.

मातेओ चाचरला. "म्हणते, फोनवर रोज तासभर बोलतेस, तेव्हा सांगायला काय झालं होतं? ही मुलगी सकाळपासून उभी आहे. हात भाजून घेतलाय. आणि तू भात मागतेस?"

"बरोबर बोलतायत," शरयू म्हणाली. "अगदी बरोबर. तसंच सांग त्यांना, माझ्यातर्फेही."

मार्तामावशींनी खाली मान घालून एक आरेपा तोडला आणि कोरडाच खाल्ला. मग आणखी एक घेतला. शरयू खुर्चीत बसली ती बसलीच. मामींनी आपल्या ताटातला पोर्कचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा डाव्या हातानं तिच्या ताटात टाकला. शरयूनं तो काट्यानं बाजूला सारला, मामींकडे पाहिलं, मान हलवली. मामींनी खांदे उडवले, तुकडा परत उचलला आणि स्वतःच खाल्ला.