मधली काडी

झुंबरबाईला गोळी घ्यायला लावणं म्हणजे मांजराला न्हाऊ घालणं. गोळी मोरीत, पाणी अंगावर आणि वर चार शिव्या. नवरा गेल्यावर बहिरूने आईला पेठकडच्या पाड्यावरून सातपूरला आणलं आणि पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, सोडून पुन्हा बांधला.

"आजी, प्रेशर फार आहे. रोज सकाळी एक गोळी घ्यायची. आयुष्यभर."

"मेल्यावर तरी बंद व्हईल ना?" म्हातारीने विचारलं. डॉक्टर हसले, बहिरू नाही हसला. त्याला आपली आई माहीत होती.

घरी आल्यावर तेच झालं. गोळी जिभेखाली धरायची, सुनेची पाठ वळली की थुंकायची. ललिताने, म्हणजे सुनेने, गुळात घालून दिली, केळात कोंबून दिली. म्हातारीने गूळ खाल्ला, केळं खाल्लं, गोळी बरोब्बर बाजूला काढली. भांडण झालं तेव्हा तिने आपलं शास्त्र सांगितलं. पाड्यावर भाकर कोणाच्या नागलीची, ती कोणी दळली, कोणी थापली हे सगळं ठाऊक असायचं. "आन् ही गोळी? कोणी केली, कुठं केली, त्याचे हात कसे, काय ठाव नाय. अशी वस्तू मी तोंडात घालीत नाय, बाबा. लय झालं तर मरंल."

तेव्हा बहिरूने कपाळावर हात मारून घेतला. अरे, हे आधी कसं सुचलं नाही! "आये, ही गोळी मी करतो."

आणि ते खोटं नव्हतं. सातपूरच्या ज्या कंपनीत तो कामाला होता, तिथे एका मोठ्या कंपनीसाठी ही प्रेशरची गोळी बनायची. पाकिटावर नाव त्या मोठ्यांचं, कष्ट ह्यांचे. बहिरू गोळ्या दाबायच्या मशीनवर होता. नाव भैरोबाचं, पण ऐकणाऱ्याला वाटायचं बहिरा असेल. कान मात्र भलते तिखट. मशीनच्या कटकटीत एक जरी ठोका चुकला तरी हा पठ्ठ्या डबा खायचा सोडून उठायचा.

त्याने आईला पाकीट उलटं करून दाखवलं. मागे बारीक छापलेल्या बॅच नंबरच्या सुरुवातीला इंग्रजी एन होता. आईला अक्षर कुठलं येतंय? त्याने बोटाने गिरवून दाखवलं. "दोन काड्या उभ्या, मधली तिरकी. ही खूण दिसली की समजायचं, आपल्या नाशिकची. माझ्या हातची."

म्हातारीने पाकीट डोळ्यांजवळ नेलं, अंगठ्याने ती खूण चाचपली, पाकीट कपाळाला लावलं आणि गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली. आ करून दाखवला. तोंड रिकामं!

त्या दिवसापासून एकही सकाळ चुकली नाही. उलट तोरा असा वाढला की विचारू नका. गल्लीत कोणाचं डोकं दुखलं तरी "माझ्या बहिरूची गोळी घे" सुरू. ललिताला दर वेळी धावत जाऊन सांगावं लागायचं की अहो, ती डोक्याची नाही. कोपऱ्यावर हारुनभाईंचं औषधाचं दुकान होतं. तिथे जाऊन म्हातारी हक्काने म्हणायची, "हारुन, माझ्या पोराची दे." हारुनभाई कपाटाला हात घालत चिडवायचे, "मावशी, पोरगा तुझा, मग पैसे मला कशाला देते?" तिचं प्रेशर उतरलं, चेहरा उजळला. डॉक्टर म्हणाले, छान. बहिरूला वाटायचं, जन्माचं सार्थक म्हणतात ते हेच.

आणि मग कंपनी गेली.

आग लागली नाही, संप झाला नाही, काही नाही. साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं. गोळीचा भाव सरकारने बांधलेला, तो वाढवता येत नाही. आत लागणारी पावडर चीनमधून येते, ती महागली. मोठ्या कंपनीने हिमाचलात कोणीतरी स्वस्तात करून देणारा गाठला आणि ऑर्डर तिकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "गोळी गरिबाला परवडली पाहिजे ना," तो म्हणाला.  कोण नाही म्हणणार? परवडली तर पाहिजेच. तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी आईबाप तीच गोळी घेत होते.

बहिरूला काम मिळालं तेही औषधांच्याच गोदामात, खोकी उतरवायचं. दैवाची चेष्टा बघा, पहिल्याच ट्रकमधून त्याच गोळ्यांची खोकी उतरली. त्याने एक पाकीट हातात घेऊन पाहिलं. नाव तेच, रंग तोच. मागे बॅच नंबर. एनच्या जागी एच. दोन काड्या उभ्या, मधली आडवी.

मधली काडी पडली होती.

रात्री त्याने ललिताला बजावलं, "आईला कळता कामा नये." ललिता म्हणाली, "सांगून टाका हो. आज ना उद्या कळणारच." पण बहिरू ऐकेना. त्याला लाज नव्हती, खोकी उचलायची तर मुळीच नव्हती. त्याला भीती होती. आईला कळलं की गोळी आता कोणा परक्याच्या हातची, की ती पुन्हा मोरीत थुंकणार, आणि एक दिवस आपण कामावर असताना पडेल. आई जगायची असेल तर हे खोटं टिकायला हवं, असा त्याचा हिशोब. तो जुन्याच वेळेला घरातून निघायचा, जुन्याच वेळेला यायचा.

नवीन पाकीट त्यानेच आणून दिलं, सरळ बाजू वर करून. म्हातारीने ते उलटं केलं. अंगठा खुणेवर फिरवला. जरा वेळ फिरवतच राहिली. 

"आये, काय झालं?"

"काय नाय. डोळ्याला दिसत नाय आताशा," ती म्हणाली. "ठेव तिथं." आणि त्याच्याकडे बघून हसली.

गंगेत घोडं न्हालं, असं बहिरूला वाटलं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

त्यानंतर एक दिवसाआड सकाळी एक नवा आवाज सुरू झाला. बहिरू दाढी करत असायचा, चहा उकळत असायचा, आणि आतल्या खोलीतून यायचा, कट्. अडकित्त्याचा. एकदाच. म्हातारीने सुपारी सोडून बरीच वर्षं झाली होती, दाढाच उरल्या नव्हत्या.

"आये, पुन्हा सुपारी?" तो ओरडायचा.

"एकच खांड रे बाबा. चघळायला."

"मरू दे, तेवढाच तिला विरंगुळा," तो ललिताला म्हणायचा. त्याला तो आवाज आवडायलाही लागला होता. मशीनसारखा, न चुकणारा. कट् झालं की आई उठली, गोळी घेतली, घर जागेवर आहे.

मध्ये एकदा दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या. "प्रेशर परत चढलंय. गोळी नियमित घेतात ना?"

"साहेब, रोज सकाळी घेते," बहिरूने छातीवर हात ठेवून सांगितलं.

म्हातारी शेजारी बसली होती. ती छताकडे बघत राहिली.

थंडी सुरू झाली तेव्हा ती पडली. ललिता भाजी निवडत होती, आत भांडं पडल्यासारखा आवाज झाला. जाऊन बघते तर झुंबरबाई मोरीच्या उंबऱ्यावर, तोंड वाकडं, उजवा हात लुळा. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. बहिरू गोदामातून तसाच, घामाच्या अंगाने धावत आला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोक्यात रक्तस्राव झालाय, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आणि मग तोच प्रश्न, "गोळ्या चालू होत्या ना?"

"हो," बहिरू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ललिता सासूचं लुगडं आणायला घरी गेली. गाठोडं सोडलं तर लुगड्यांच्या घडीत गोळ्यांची पाकिटं. बहिरूने महिन्याच्या महिन्याला आणून दिलेली, सगळीच्या सगळी, एकही गोळी न काढलेली. पानाच्या डब्यात एक जुनं पाकीट, तिरक्या काडीचं, रिकामं. अडकित्ता. आणि कागदाच्या पुडीत अर्धी गोळी.

ललिताने ती पुडी दवाखान्यात आणून नवऱ्याच्या हातावर ठेवली. त्याने अर्ध्या गोळीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कट्. एक दिवसाआड कट्. यंत्राचा चुकलेला ठोका डबा खाता खाता पकडणारा माणूस! आईच्या अडकित्त्याचा आवाज कानांवर पडत होता आणि हा दाढी करत होता.

संध्याकाळी हारुनभाई भेटायला आले. पुडी बघितली आणि बाकावर बसलेच. "या अल्ला. म्हणजे अर्धी अर्धी करत होती? बहिरूभाऊ, आईची शपथ, मला हे माहीत नव्हतं." मग त्यांनी सांगितलं. पहिलं नवीन पाकीट आलं त्याच दिवशी मावशी दुकानात आली होती. तिरक्या काडीची असतील तेवढी सगळी दे, म्हणाली. जुन्या मालातली थोडी उरली होती, ती त्यांनी दिली. "मी म्हणालो, मावशी, औषध तेच आहे, फक्त बनवायची जागा बदलली. तर म्हणे, ते मला कळलं रे. काडी पडली म्हंजे पोराचं काम पडलं. पण त्यानं तोंडातून काढलं नाय, तर मी कसं इचारू? सांगंल तवा सांगंल. तवर त्याच्याच हातची पुरवते." हारुनभाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "मला शपथ घातली, त्याला बोलू नको, त्याला वाईट वाटंल. मला वाटलं, मायलेकरांचं आहे, होईल नीट."

बहिरू भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. वॉर्डातल्या बायका बघायला लागल्या, बघू देत. तो ह्या भीतीने गप्प, की आईला कळलं तर ती गोळी सोडेल. आणि ती तो बोलायची वाट बघत, अर्धी अर्धी करून दिवस ढकलत होती.

तिसऱ्या दिवशी म्हातारीला थोडं गिळता यायला लागलं. नर्सने गोळी दिली, तीच, आडव्या काडीची. "पेजेत कुस्करून द्या," ती म्हणाली. ललिता हळूच म्हणाली, "द्या कुस्करून. आईंना कळणारही नाही." खरंच होतं. पेजेत विरघळली असती, कसली काडी आणि कसलं काय.

बहिरूने वाटी घेतली, चमचा घेतला, गोळी कुस्करायला चमचा दाबला आणि हात थांबला. आता अजून एकदा? नाही. त्याने पाकीट उलटं करून आईच्या डोळ्यांपुढे धरलं. तिचा डावा हात हलला. अंगठा खुणेवर गेला, थांबला.

"आये," बहिरू म्हणाला, "ही माझ्या हातची नाय. आपली कंपनी गेली. होळीच्या आधीच गेली. मी आता गोदामात खोकी उचलतो. तुला सांगायला पायजे होतं, नाय सांगितलं. भ्यायलो गं." त्याने पाकीट तिच्या अंगठ्याखाली तसंच धरलं. "ही कोणी केली मला ठाव नाय. असंल माझ्यासारखाच कोणीतरी. त्यालाही आई असंल. घेशील?"

 वाकड्या तोंडाने म्हातारीने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, शब्द काही निघाला नाही. मग तिने डावा हात उचलून त्याच्या गालावर ठेवला, आणि तोंड उघडलं. त्याने गोळी चमचाभर पेजेत घालून दिली. अख्खी. ती गिळली. आणि पहिल्या दिवशी दाखवला होता तसा आ करून दाखवला.

तोंड रिकामं होतं.

एवढंच हवं होतं. एक वाक्य. तेवढं वेळेवर बोलला असता तर... पण आता बोलून काय? पाचव्या दिवशी पहाटे दुसरा झटका आला आणि झुंबरबाई गेली.

सुतक फिटल्यावर बहिरू कामावर निघाला. पुन्हा तीच सकाळ. आरशापुढे उभं राहून त्याने गालाला साबण लावला. चहा उकळत होता. ललिताने कप मांडले, तीन मांडले आणि एक उचलून परत ठेवला. आतल्या खोलीत देवळीत पानाचा डबा होता, त्यात अडकित्ता, आणि पुडीत ती अर्धी गोळी. ती टाकून द्यायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"चहा निवतोय," ललिता म्हणाली.

बहिरूने हात वर करून तिला गप्प केलं. गालावरचा साबण सुकत चालला होता, आणि तो आतल्या खोलीकडे कान देऊन उभा होता.