शेवट गोड आहे

साहेब दमदाटी करणारे असते तर पंकजाला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसापुढं मान खाली घालून उभं राहिलं की तो दमतो आणि निघून जातो, एवढा अनुभव तिच्या गाठीला होता. पण तपासणीला आलेले दहिफळे साहेब आवाज न चढवता बोलत होते, चहाला नको म्हणत नव्हते, आणि वाचनालयाची अभिप्राय वही पहिल्या पानापासून एकेक ओळ चवीनं वाचत होते. तिला भीती वाटत होती ती त्याचीच.

ही वही म्हणजे अध्यक्ष बन्सीअण्णांच्या डोक्यातून निघालेलं खूळ. सध्या आपण कोणतं पुस्तक वाचतोय आणि ते कसं वाटतंय, हे वाचकांनी दर आठवड्याला चार ओळींत लिहायचं. अण्णांनी ते मीटिंगमध्ये जाहीर केलं, वरच्या कार्यालयाला पत्रानं कळवलं आणि स्वतः मोकळे झाले. जामखेडच्या बाजूचं हे गाव दसरा झाला की निम्मं रिकामं होतं. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मग जानेवारीत वाचायला उरतं कोण? म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, आणि पेपरात कांद्याचा भाव बघून जाणारे दोघं-तिघं. पण वही भरलेली दिसली पाहिजे, असं अण्णांनी बजावलं होतं.

तेव्हा पंकजानं ती भरली. निळ्या पेनानं, काळ्या पेनानं, कधी चक्क डाव्या हातानं. सभासदांच्या यादीतली नावं घेऊन तिनं सगळ्या गावाला वाचायला बसवलं. पुस्तकं तिनं स्वतः उघडलीसुद्धा नव्हती. एकेकाळी तिला वाचनाचं वेड होतं, पण सासरहून कायमची माहेरी आल्यापासून गोष्टींवरचं तिचं मन उडालं होतं. मागच्या कव्हरवर छापलेला मजकूर बघायचा, थोडा फिरवायचा आणि कुणाच्या तरी नावावर मत ठोकून द्यायचं.

"तुमचं गाव फारच वाचतं हो," साहेब म्हणाले. "आणि सगळ्यांनाच सगळी पुस्तकं आवडतात."

पंकजा हसली. हसताना ओठ कोरडे पडलेत हे तिला कळलं. ही खोली आणि इथले रोजचे चार तास, एवढंच तिचं स्वतःचं होतं. इथं तिला 'नवऱ्यानं टाकलेली' म्हणून कुणी बघत नव्हतं, ग्रंथपाल म्हणत होतं. खोटी वही उघडी पडली तर वाचनालयाची मान्यता जाणार, अण्णा कानांवर हात ठेवणार आणि भावजयीच्या टोमण्यांत दिवसभर घरी बसावं लागणार.

साहेबांचं बोट एका ओळीवर थांबलं. "लंकाबाई. पुस्तक, 'गोदाचं बिऱ्हाड'. परवाच्या तारखेला लिहिलंय. बोलवा बरं यांना."

"त्या गावात नाहीत, सर. तोडीला गेल्यात. म्हणजे आत्ताच, कालच गेल्या."

"मग फोन लावा. नंबर आहे की सभासद अर्जावर. स्पीकर चालू ठेवा."

अख्ख्या वहीत एकच नोंद अर्धी खरी होती, आणि साहेबांनी नेमकी तीच उचलली होती. लंकाबाईनं पुस्तक खरंच नेलं होतं. चौथी शिकलेली बाई, अक्षराला अक्षर जोडत वाचायची. पण नेलं होतं दसऱ्याला. तेव्हापासून ती सांगलीकडं उसाच्या फडात होती आणि तिच्या नावावरची मतं पंकजा दर आठवड्याला लिहीत होती. लंकाबाईच्या तोंडून 'दसरा' हा शब्द निघाला की सगळं संपलं. नंबर लावताना पंकजाचा अंगठा दोनदा चुकला.

"हॅलो, कोन?" मागं उसावर पडणाऱ्या कोयत्यांचा आवाज होता.

"लंकाकाकू, मी पंकजा. वाचनालयातनं."

"आगं बाय! पुस्तक मागाया फोन केला व्हय? देते की गं. दस..."

"पुस्तक न्हाई मागत!" पंकजा एवढ्या जोरात मध्ये पडली की साहेबांनी वर बघितलं. "साहेब आल्यात. तुमी वाचताय ते पुस्तक कसं वाटतंय, ते इचारायचंय त्यांना."

मग लंकाबाई बोलू लागली ती एखाद्या जिवाभावाच्या माणसाची चौकशी केल्यासारखी.

"लिव्हणाऱ्यानं लई बघितलंय, साहेब. मोळी डोक्यावर घेताना गोदाची मान कशी आखडती, चुलीला ओलं सरपन कसं धुपतं, समदं बराबर हाय. एकच चुकलंय. गोदाची सासू लई वंगाळ दाखिवली. सासवा तशा नसत्यात. भ्यालेल्या असत्यात."

"वा!" साहेब पुढं सरकून बसले. "मग पुढं काय झालं?"

"म्होरं वाचलंच न्हाई. परवापास्नं पान उलटलं न्हाई म्या." तिचा आवाज खाली आला. "गोदाला आठवा लागलाय. पाय सुजल्यात, डोकं ठनकतंय, डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात. आन् साहेब, माझी सून, ज्ञानेश्वरी, तिला बी आठवाच हाय. कालपास्नं तिचं बी तसंच चाललंय. पान उलटावं आन् गोदाचं काय वाईट निघावं, या भ्यानं मी पुस्तकाला हातच लावना. टेम्पो उभा हाय हितं मुकादमाचा, तालुक्याला निघालाय. माझा ल्योक बजरंग म्हनतोय, हिला दवाखान्यात न्यायची का? पोरगी नगं म्हनती. तिथं पोट फाडत्यात म्हनती. माझं मन कुनीकडंच हुईना."

ते काजवे पंकजाला माहीत होते. तिच्याही डोळ्यांपुढं ते चमकले होते, आठव्यातच, आणि सासूनं मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ गेलं. ती स्वतः कशी वाचली ते डॉक्टरनाही सांगता आलं नाही. पुढं मूल होईना, म्हणून नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं.

तिनं तोंड उघडलं, पण साहेब आधी बोलले. बाईला धीर द्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. वहीवर बोट ठेवून ते म्हणाले, "घाबरू नका, बाई. इथं अभिप्रायात लिहिलंय, 'पुस्तक फार आवडले. शेवट गोड आहे.'"

"शेवट ग्वाड हाय?" लंकाबाईचा आवाज एकदम उजळला. "खरंच का गं पंकजे? तू तर वाचलं असशील. गोदा वाचती ना?"

साहेब पंकजाकडं बघत होते. त्यांच्या नजरेत दरारा नव्हता, नुसतं कुतूहल होतं. पण त्यांच्या हातात पेन होतं.

"व्हय," पंकजा म्हणाली. "वाचती."

"देवच पावला! आरं बजरंगा, जाऊ दे टेम्पो, काय न्हाई हुत तिला!"

फोन कट झाला.

"खरं सांगू?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "वही बघून मला शंका आली होती. पण ही बाई वाचतेय हो. मनापासून वाचतेय." आणि ते तपासणी अहवालावर सावकाश, वळणदार अक्षरात लिहू लागले.

पंकजा सुटली होती. वाचनालय वाचलं होतं, खुर्ची वाचली होती. तिला फक्त गप्प उभं राहायचं होतं, साहेबांची सही होईपर्यंत. पण तिच्या डोळ्यांपुढं धूळ उडवत निघालेला टेम्पो येत होता. आपल्या एका शब्दावर एका बाईनं गाडी सोडून दिली, ही भीती मघाच्या भीतीच्या कितीतरी पट मोठी होती. तिला उभं राहवेना.

तिनं पुन्हा नंबर लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लंकाबाईनं उचलला.

"काकू, टेम्पो गेला का?"

"ह्यो काय, निघालाच की. बांधाला हाय."

"थांबवा! मी खोटं बोलले. ते पुस्तक म्या वाचलेलं न्हाई. शेवट ग्वाड हाय ते माझ्या मनानं लिव्हलं. या वहीतलं समदं मीच लिव्हलंय, काकू, तुमच्या नावावरचं बी. गोदाचं काय हुतं ते मला ठावं न्हाई. पन माझं काय झालं ते तुमाला ठावं हाय ना? असंच झालतं. हेच काजवं हुतं. पोरीला न्या!"

साहेबांचं पेन थांबलं. तिकडं बघायची पंकजाची हिंमत झाली नाही.

फोनमध्ये काहीतरी दणकन खाली पडलं, आणि मग लांब लांब जाणारी लंकाबाईची हाक. "बजरंगा! थांबीव रं! टेम्पो थांबीव!" ती फोन टाकून पळाली होती. बाया ओरडत होत्या. टेम्पो थांबला की गेला, काही कळत नव्हतं.

शेजारी साहेबांचा आवाज आला. त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून एकशे आठला फोन लावला होता. "हो, गरोदर बाई आहे. ठिकाण? एक मिनिट." ते पंकजाकडं वळले. "गाव कोणतं? कुठल्या शिवारात आहेत ही माणसं?"

पंकजानं सभासद रजिस्टर उघडलं. लंकाबाईच्या नावापुढं पत्ता होता तो याच गावचा. तीन महिने ती बाई कुठं राहते, हे पंकजानं कधी विचारलंच नव्हतं.

"काकू! काकू, गावाचं नाव सांगा!" ती फोनमध्ये ओरडली. "कुनी हाय का तिथं?"

खरखर झाली. कुणीतरी फोन उचलला.

"ताई?" आवाज बारीक, झोपेतून उठल्यासारखा. ज्ञानेश्वरी होती. "आत्या पळत गेल्या. टेम्पो काय दिसंना."

"ज्ञानेश्वरी, बाळा, तुमी कुठं हाय? गाव कोनतं?"

"नाव न्हाई म्हाईत, ताई. कालच आलोय या फडात." ती थांबली. श्वास लागला होता. "रस्त्याला पाटी हाय. हितनं दिसती."

"मग वाच की. दहावी पास हायेस तू."

"वाचता येईना, ताई. समदं हालतंय. अक्षरंच दिसनात."

साहेबांच्या फोनमधली मुलगी पुन्हा पुन्हा पत्ता विचारत होती. साहेबांनी पेन पंकजाच्या हातात दिलं. ती बाकावर बसली आणि तिनं लिहून घ्यायला डावा तळहात समोर धरला.

"पयलं अक्षर सांग," ती म्हणाली. आवाज न थरथरेल एवढी काळजी तिनं घेतली. "घाई न्हाई. एक डोळा झाक आन् बघ. कसं दिसतंय?"

"गोल हाय, ताई." पंकजानं पेन तळहाताला टेकवलं. "व असंल. न्हाईतर ब. पोटात रेघ हाय का न्हाई, तेच कळंना."