वॉशरमध्ये गायीचं औषध

पुढे जे सांगणार आहे ते कुणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. साठ वर्षांत कुणी मानलेलं नाही, आणि त्यातले निम्मे तर माझ्या नात्यातले होते. पण त्या सकाळी गाडीत मी होतो, तुम्ही नव्हतात. त्यामुळे निदान शेवटापर्यंत ऐकून घ्यायचं.

ही गोष्ट मी शेवटची सांगितली ती गेल्या मार्चमध्ये, आमच्या गावच्या पेट्रोल पंपावर. पंप रायजाचा. तिथे आत चार टेबलं आहेत, कॉफी मिळते आणि वेलदोडे घातलेला गोड पाव मिळतो. खिडकीजवळचं टेबल माझं आणि माझ्या बायकोचं, साइमीचं. मी कॉफी पितो आणि बोलतो. साइमी हातमोजे विणते आणि बोलत नाही.

अकराच्या सुमारास एक माणूस आत आला. दक्षिणेकडचा, अंगावर नवे कोरे बर्फात घसरायचे कपडे. लिंद्रूस नाव. त्याच्या गाडीची पुढची काच चिखलाने अशी माखली होती की मधोमध ताटाएवढं भोक पुसून तेवढ्यातून बघत तो इथवर आला होता.

"काचेवर पाणी मारायचा वॉशर चालत नाहीये," तो रायजाला म्हणाला. "बटण दाबलं की नुसता घूं आवाज येतो."

"आत काय भरलंय?" रायजाने विचारलं.

"घरून निघताना भरलं होतं. निळंच होतं. तिकडे पाऊस चालू होता हो."

"उन्हाळ्यातलं भरलं असणार," रायजा म्हणाली. "इथे आज पहाटे उणे सतरा होतं." आणि तिने फडताळावरच्या कॅनकडे बोट दाखवलं. "ते उणे तिसापर्यंत न गोठणारं घ्या."

तो कॅन उचलून निघालाच होता. मी म्हटलं, "ओतून काय उपयोग? टाकीत बर्फाची वीट बसलीय, तिच्या डोक्यावर ओतणार? गाडी आधी रायजाच्या गॅरेजमध्ये लावा. वितळलं की जुनं सगळं काढा, मग नवं भरा, आणि दोनचारदा मारून बघा, म्हणजे नळ्यांतलंही जाईल. आणि रस्त्यावर मारायच्या आधी हीटर लावून काच आतून गरम करून घ्या. गार काचेवर मारलं तर वाऱ्याने त्यातलं स्पिरिट उडून जातं आणि पाणी तेवढं मागे राहतं. मग तुम्हाला काय दिसणार? काही नाही."

"तुम्ही मेकॅनिक होतात का?"

"दुधाची गाडी चालवायचो."

रायजाने माझ्याकडे बघितलं आणि न विचारता दुसरी कॉफी ओतली. तिला ठाऊक होतं आता काय येणार. "बसा," ती लिंद्रूसला म्हणाली. "तुमच्या गाडीला अर्धा तास लागेल. काकांना जरा जास्तच लागेल."

तर, एकसष्ट सालचा मार्च. मी चोवीस वर्षांचा. आज ज्यांना दुधाची गाडी म्हणजे चकचकीत टाकी वाटते त्यांना काय सांगायचं. आमच्या गाडीत पुढे माझी जागा, माझ्यामागे लाकडी खोक्यात दोन बाकं माणसांसाठी, आणि त्यामागे उघड्यावर दुधाचे कॅन. रस्त्याकडेला प्रत्येक घराचा फळ्यांचा ओटा असायचा, त्यावर भरलेले कॅन उभे. मी थांबायचो, भरलेला उचलायचो, रिकामा ठेवायचो. आणि रिकाम्याबरोबर बाकी सगळं. कुणाची सुई, कुणाचं वर्तमानपत्र, कुणाचा गमबूट, कुणाचा निरोप. वाटेवरच्या हिल्माकडे कुणी शिंकलं तर चाळीस किलोमीटरवरच्या मोइलानेनला मी दुपारपर्यंत कळवायचो. अशी गाडी आता नाही, ओटे नाहीत, आणि त्या वाटेवरच्या गायीही नाहीत. परवा त्या रस्त्याने गेलो तर एका ओट्याच्या दोन फळ्या उरलेल्या दिसल्या. उतरून उगाच हात लावून आलो.

असो. त्या गाडीतून आणखी एक गोष्ट जायची, तिचं नाव गायीचं औषध.

"म्हणजे?" लिंद्रूसने विचारलं.

"म्हणजे हातभट्टीची," रायजा म्हणाली.

बरोबर. जंगलात कुणी ना कुणी गाळायचंच. पण बाटली देताना कुणी तसं म्हणायचं नाही. 'ताइस्तो, हे मोइलानेनला दे, गायीचं औषध आहे,' असं म्हणायचं. मीही गंभीर चेहऱ्याने विचारायचो, 'गाय कशी आहे?' आणि उत्तर यायचं, 'शनिवारपर्यंत उठेल.' सगळ्या वाटेवर एवढ्या आजारी गायी होत्या आणि दूध मात्र कधी कमी पडलं नाही.

आता माझी अडचण ऐका. डेअरीचा मॅनेजर तीहोनेन नावाचा माणूस होता. साडेनवाला त्याचं यंत्र सुरू व्हायचं. त्याआधी दूध पोहोचलं पाहिजे. त्या महिन्यात मला दोनदा उशीर झाला होता, दोन्ही वेळा काचेमुळे. तीहोनेनने मला बोलावून शांतपणे सांगितलं, 'तिसऱ्यांदा उशीर झाला तर हा मार्ग दुसऱ्याला देईन.' वर तो कट्टर दारूबंदीवाला. ड्रायव्हरच्या तोंडाला नुसता वास आला तरी काढून टाकायचा. माझ्याकडे ना शेत, ना जंगल. तो मार्ग गेला असता तर मी स्वीडनला गेलो असतो, कारखान्यात. अर्ध्या गावाने तेच केलं होतं.

इथे साइमीची सुई क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"पण काचेमुळे उशीर कसा?" लिंद्रूस म्हणाला. "बर्फ पडायचं म्हणून?"

"बर्फाचं काय, झाडलं की गेलं. उणे तिसात काच कोरडी ठणठणीत असते, वॉशर लागतच नाही. त्रास मार्चमध्ये. ऊन रस्त्याला वितळवतं, हवा मात्र उणे आठ. पुढे लाकडाचा ट्रक असला की तो वाळू, चिखल आणि पाणी उडवतो, आणि ते काचेला लागलं की तिथेच थिजतं. तुम्हीच आज बघितलंत ना?"

तो पाव खायला लागला.

वॉशरसाठी तेव्हा लोकांनी काय काय केलं. टाकीऐवजी तेव्हा रबरी पिशवी असायची; एकाने ती मेंढीच्या कातड्यात गुंडाळली. एकाने इंजिनवर उकडलेले बटाटे ठेवून पिशवी त्यात पुरली. काच नाही साफ झाली, पण जेवण झालं. आणि पाओओ म्हणून एक होता, तो पिशवी शर्टाच्या आत पोटाशी बांधायचा, नळी खिडकीतून बाहेर काढायचा आणि काच मळली की पोट फुगवायचा.

"हे पटत नाही," लिंद्रूस म्हणाला.

"पाओओ लठ्ठ होता," मी म्हटलं.

तर ती सकाळ. ऊन नुकतं आलेलं. गाडीत मी एकटा. हिल्माच्या ओट्याशी पोहोचलो तेव्हा काचेतून काही दिसत नव्हतं. पायाने वॉशरचा पंप दाबला, तर दगडावर पाय दिल्यासारखं. पिशवी गोठलेली. ती काढून बर्फाचा गोळा फेकून दिला, पण आता भरायचं काय? नुसतं पाणी पुन्हा गोठणार. डेअरी बारा किलोमीटर, हातात पस्तीस मिनिटं. आणि तेवढ्यात हिल्मा बाटली घेऊन आली. 'ताइस्तो, हे मोइलानेनला. गायीचं औषध.'

मी विचारलं, 'गाय कशी आहे?'

ती म्हणाली, 'बरी नाही रे. चारा खात नाही.'

मी मनात म्हटलं, मोइलानेनने एक शनिवार कोरडा काढला तर मरणार नाही. दारू काही गोठत नाही. पुढच्या वळणावर थांबलो, बूच काढलं, अख्खी बाटली पिशवीत रिकामी केली आणि पंप दाबला.

काच तपकिरी झाली. पूर्ण. वायपरने ते जॅमसारखं पसरवलं. मी बोट लावून चाटलं. काकवी आणि मीठ.

रायजा हसायला लागली. ती हे दरवर्षी ऐकते, तरी इथे हसतेच.

"म्हणजे गाय खरंच आजारी होती," लिंद्रूस म्हणाला.

"आख्ख्या वाटेवर, दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाची गाय खरंच आजारी होती. आणि ते मला कसं कळावं? शब्द तोच."

मी उतरलो, बाहीने पुसून बघितलं. चिकट, तसंच. पंचवीस मिनिटं उरलेली. गाडीच्या पायरीवर बसलो आणि स्वीडनमध्ये माणसं काय खातात याचा विचार करायला लागलो. तेवढ्यात झाडांतून ती आली.

"कोण?"

"मूस. मादी. घोड्याएवढं हरीणच म्हणा, खांद्याला सात फूट. लांब पाय, तपकिरी डोळे, आणि चेहऱ्यावर असा भाव की मीच तिच्या वाटेत उभा आहे. हिवाळाभर साल खाऊन त्यांना मिठाची हाव सुटलेली असते, विचारा कुणालाही. ती सरळ गाडीपाशी आली, मान वाकवली आणि काच चाटायला लागली. चार चाटण्यांत काच आरशासारखी. मी हळूच आत बसलो, गाडी सुरू केली. वाटलं पळेल. तर ती शेजारून चालायला लागली."

"चालायला?"

"मग धावायला. काच मळली की मी पंप दाबायचो, औषध उडायचं, ती धावता धावता मान काचेवर वाकवून चाटायची. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वायपरसुद्धा एवढं नीट पुसत नाही, त्याचा एक कोपरा नेहमी सुटतो. हिचा नाही सुटला."

"किती वेगाने?"

"ताशी चाळीस."

लिंद्रूसने कप खाली ठेवला. "मूस ताशी चाळीसने धावत काच चाटते?"

"उतारावर," मी म्हटलं. "चढावर पस्तीस."

वाटेत तीन ओटे होते. मी थांबलो की तीही थांबायची. कॅन उचलताना माझ्याकडे बघत राहायची, वाफ सोडत. तिचं नाक लालबुंद झालं होतं गारठ्याने. मला वाईट वाटलं. एका ठिकाणी तिला दूध पाजलं, कॅनच्या झाकणातून. आणि मग आला फाटा. डावीकडे रेल्वे स्टेशन, उजवीकडे डेअरी, अजून पाच किलोमीटर. तिथे ती थांबली. स्टेशनच्या रस्त्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, म्हणजे मला तरी खूप वाटला. काय बोलणार? जनावराला आपण काय सांगणार? मला वाटलं, गेली आता, आणि माझा मार्गही गेला. मग तिने मान वळवली आणि उजवीकडे चालायला लागली.

इथे मी नेहमी थोडा थांबतो. कॉफी गार होते, पण थांबतो.

नऊ अठ्ठावीसला डेअरीच्या दारात होतो. तीहोनेन पायऱ्यांवर घड्याळ हातात घेऊन उभा. त्याने काच बघितली. लख्ख. मग डोकं खिडकीतून आत घातलं आणि हुंगलं. बाटलीत हिल्माने नेहमीचं औषध दिलं असतं तर गाडीभर त्याचा वास असता आणि माझं तिथेच संपलं असतं. पण वास होता काकवीचा. तो म्हणाला, 'ताइस्तो, तुझ्या गाडीला केकसारखा वास येतोय,' आणि दूध उतरवून घेतलं. मार्ग माझ्याकडे राहिला, तो पुढे एकवीस वर्षं, ओटे बंद होईपर्यंत. मोइलानेनच्या गायीला मी दुपारी दुसरी बाटली नेऊन दिली. तीही उठली.

"आणि मूस?" लिंद्रूसने विचारलं. त्याला पटलं नव्हतं, पण विचारलं.

"मूस परत गेलीच नाही. तिथेच राहिली."

"डेअरीत?"

"आसपास," मी म्हटलं.

साइमीने विणकाम मांडीवर ठेवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग लिंद्रूसकडे वळून, रोजच्या आवाजात, हवामान सांगावं तशी बोलली.

"त्या गाडीला वॉशर नव्हताच हो. कधीच नव्हता. आणि हा एकटाही नव्हता. मी होते, पुठ्ठ्याची बॅग घेऊन. मला फाट्यावर उतरायचं होतं, स्वीडनच्या आगगाडीसाठी. हिल्माच्या ओट्यापासून मी बाहेर पायरीवर उभी राहिले, एका हाताने आरसा धरून, आणि हातमोजा त्या औषधात भिजवून काच पुसत गेले, मिठामुळे ते गोठत नव्हतं. फाट्यावर उतरले असते तर पुढे कुणी पुसली असती? दूध वेळेवर पोहोचलं, माझी आगगाडी निघून गेली." तिने सुया उचलल्या. "सात फूट म्हणे. आणि काय रे ताइस्तो, चाटलं मी कधी?"